टाकीवरची रेघ: नवशिक्यांसाठी, चित्रांविना

सगळ्यात आधी टाकी पाहिजे. ती विकत घेऊ नका. चंद्रपूर-गडचिरोलीकडे ज्या घरी चार एकर धान आहे त्या घराच्या गोठ्यात, तणसाच्या ढिगाआड, एक मोटरसायकल उभी असतेच. तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालते, हँडलला बैलाचे जुने कासरे लटकतात, आणि ही कोणाची म्हणून विचारलं की घरातले सगळे एकदम बोलायला लागतात. आजोबा तेंदूच्या ठेक्यावर मुन्शी होते तेव्हा घेतली. नाही, मास्तर झाले तेव्हा घेतली. छे, फॉरेस्टातल्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा पडत्या भावात मिळाली. या हकिगती ऐकून घ्या, लिहून घेऊ नका. संध्याकाळपर्यंत त्या बदलतात.

मग तुम्ही जाहीर करायचं की मी हिला ‘ओरिजिनल’ करणार. घरात लगेच दोन तट पडतील. एक म्हणेल, भंगारात द्या. दुसरा म्हणेल, द्या, पण आलेल्या पैशाची वाटणी करा. तुमच्या बाजूने कोणीच नसेल. याला तयारी पूर्ण झाली असं म्हणतात.

गाडी कोणती आहे ते आता बघा. आपल्याकडे बहुधा तिघींपैकी एक निघते. बुलेट असेल तर ती १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या एन्फिल्डची. काळी टाकी आणि तिच्यावर सोनेरी रेघ, हा तिचा सगळ्यांच्या ओळखीचा पोशाख. राजदूत असेल तर फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची, मूळ पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून घेतलेली. दूधवाले, ग्रामसेवक आणि लग्नाळू तरुण या तिन्ही वर्गांनी ती सारख्याच निर्दयपणे वापरली. १९७३ साली ‘बॉबी’ सिनेमा आला आणि तिच्या बुटक्या बहिणीला, जीटीएसला, लोक बॉबीच म्हणू लागले. तिसरी जावा. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून निघाली, १९७३ नंतर येझदी झाली आणि १९९६ मध्ये कारखान्यासकट संपली. जावाच्या टाकीच्या कुशीला क्रोम असतो, आणि क्रोम जिथे संपून रंग सुरू होतो तिथली बारीक रेघ ही या शास्त्रातली दहावीची परीक्षा समजा. आपण चौथीत आहोत. बुलेट किंवा राजदूत घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात उरकतो, कारण ते वाचूनच निम्मे नवशिके गळतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या फेरनोंदणीला ५,०००. हा मान मिळाल्यावर तिच्यावरून रोज बाजाराला जाता येत नाही, म्हणजे धानाचं पोतं पुन्हा तुमच्याच डोक्यावर. हा मान नको असेल तरी आरसी बुकावरचा रंग वाचून ठेवा, कारण रंग बदलला तर तिथे नोंद करावी लागते. आणि मिलिटरीचा ऑलिव्ह हिरवा कितीही आवडला तरी तो मारायचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी तो संरक्षण खात्यासाठी राखून ठेवला आहे. एरवी एखाद्या शहरात हा नियम मोडून लोक फोटो काढून घेतात. गडचिरोलीच्या जंगलात त्या रंगाने फिरण्याची हौस कोणी सुचवली तर तो मित्र बदला.

ओरिजिनलचा फारच ध्यास असेल तर एक बारकावा सांगून ठेवतो. गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधीची गाडी अहेरीची असो की सिरोंच्याची, जिल्हा चंद्रपूरच. तेव्हा ‘गडचिरोलीची १९७० ची ओरिजिनल गाडी’ म्हणून जो तुम्हाला टाकी विकायला येईल त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

पहिली पायरी: हात खिशात

टाकी साध्या भांड्याच्या साबणाने, ओल्या फडक्याने पुसा. रॉकेल नको, पेट्रोल नको, आणि गॅरेजवाल्याने आपलेपणाने पुढे केलेला रबिंगचा डबा तर मुळीच नको. या जुन्या टाक्यांवर रेघ ही रंगाच्या वर मारलेली असते, आणि जे वर असतं ते आधी जातं. ‘जरा चमकवून तर बघू’ म्हणून तुम्ही रबिंग घासायला घेतलं की दहा मिनिटांत काळा रंग आरशागत चकाकतो आणि पन्नास वर्षं टिकलेली सोनेरी रेघ फडक्यावर येते. फडकं जपून ठेवता येतं. टाकीला लावता येत नाही.

पुसून झालं की मूळ रंग शोधायचा. वरवर दिसतो तो मूळ रंग नव्हे. तो उन्हाने खाल्लेला आहे. काळा त्यातल्या त्यात तग धरतो, लाल मात्र चंद्रपूरच्या उन्हात विटून विटेचा होतो. जिथे ऊन पोचलं नाही तिथे बघा: मोनोग्रामच्या खाली, सीटच्या पुढच्या टोकाखाली, टाकीच्या पोटातल्या खोबणीत, आणि गुडघ्याच्या रबरांमागे. रबराचे स्क्रू गंजून बसलेले असतात. त्यांना आदल्या रात्री तेल सोडा आणि सकाळी घाई न करता फिरवा. रबर सुटलं की खाली आधी घट्ट बसलेली लाल माती, मातीत दोन वाळक्या मुंग्या, मग गंजाची तपकिरी कडा, आणि त्या कडेच्या आत रुपयाएवढा तुकडा, गर्द, ओला वाटावा असा. एवढाच रुपया तुमचा पुरावा. त्याला नख लावू नका. दिवसाच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून त्याचा फोटो काढा. मोबाइल स्वतःच्या मनाने रंग सुधारतो, म्हणून कागद.

घरातल्यांना रंग विचारण्याचा मोह आवरा. काका म्हणतील मरून होती, आत्या म्हणेल काळीभोर होती, आणि दोघं पुरावा म्हणून लग्नातला तोच फोटो आणतील. फोटो कृष्णधवल असतो.

आता रेघेचा ठसा घ्यायचा. मिठाईवाल्याकडचा बटर पेपर चालतो, फक्त त्यावर पेढ्याचं तूप नको. कागद टाकीवर चिकटपट्टीने ताणून बसवा, मऊ पेन्सिलीने रेघेच्या दोन्ही कडा गिरवा, टाकीच्या खालच्या जोडापासून रेघ किती अंतरावर आहे ते ठिकठिकाणी मोजून कागदावरच लिहा. रेघ जिथे वळते तिथली रुंदी वेगळी मोजा. डाव्या आणि उजव्या बाजूचे कागद वेगळे ठेवा. मग दोन्ही कागद एकावर एक धरून उजेडाकडे बघा.

जुळत नाहीत. जुळणारही नाहीत.

इथे बहुतेक नवशिके स्वतःच्या मोजणीला दोष देतात आणि पुन्हा कागद चिकटवतात. तुमची मोजणी बरोबर आहे. ती रेघ कोणा माणसाने हाताने ओढलेली आहे. डावीकडे ती वळणावर फुगली आहे, उजवीकडे शेवटाला बारीक होत गेली आहे, कारण ब्रशमधला रंग संपत आला होता आणि त्याने तो पुन्हा बुडवला नाही. चेन्नईच्या रॉयल एन्फिल्डच्या कारखान्यात आजही काही गाड्यांच्या टाक्यांवर ही रेघ हातानेच ओढतात. किशोर आणि जयकुमार हे दोन भाऊ त्याच कामासाठी देशोदेशीच्या बुलेटवाल्यांना माहीत आहेत. न टेप, न पट्टी. बसायचं, टाकी मांडीशी घ्यायची आणि ब्रश फिरवायचा. तेव्हा मूळ रंगकाम परत आणायचं म्हणजे ही असमानता परत आणायची. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या केल्यात तर गाडी सुंदर दिसेल, ओरिजिनल दिसणार नाही. माझं म्हणाल तर टाकीवर मूळ रेघ निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर तिला अजिबात हात लावू नये. मेण लावावं आणि इथेच हे मार्गदर्शन वाचणं थांबवावं.

थांबला नाहीत. मला वाटलंच होतं.

दुसरी पायरी: थर

गोठ्यातल्या गाडीवर मूळ रंग उघडा क्वचितच सापडतो. त्याच्यावर घराण्याने वेळोवेळी मतं मांडलेली असतात. वरून सुरुवात केली की आधी रेडियमच्या पिवळ्या ज्वाळा, थोरल्या नातवाच्या कॉलेजच्या काळातल्या. त्यांच्याखाली चंदेरी, कारण तेव्हा सगळंच चंदेरी होतं. त्याखाली एक रंग निवडणुकीच्या वर्षीचा. कुठल्या पक्षाचा ते इथे लिहीत नाही, घरातले लोक आता दुसऱ्या पक्षात आहेत. मग ट्रॅक्टर रंगवून उरलेला निळा, ब्रशनेच फासलेला, केस चिकटलेले. मग लग्नातला लाल. मग लाल ऑक्साइडचं अस्तर. आणि सगळ्याच्या तळाशी कारखाना.

हे थर उतरवायला गावातला माणूस ग्राइंडर सुचवतो. ग्राइंडर शेजाऱ्याकडे आहे, फुकट मिळतो, पाच मिनिटांत काम होतं. हे सगळं खरं आहे. पाच मिनिटांत तुमच्या हाती उत्तम प्रतीचा उघडा पत्रा येतो.

त्याऐवजी एक साधी गोष्ट लक्षात घ्या. कारखान्यातला जुना रंग भट्टीत भाजलेला असतो, त्याला स्टोव्ह एनॅमल म्हणतात. गॅरेजमध्ये गनने मारलेला रंग बहुतेक वेळा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, असतो. एनसीचा रंग एनसीच्या थिनरने विरघळतो, भाजलेलं एनॅमल सहजासहजी विरघळत नाही. म्हणून कापसाच्या बोळ्याने, तळहाताएवढ्या जागेत, वरचे थर एकेक करून पुसून काढता येतात. बोळा सारखा बदला, नाहीतर निवडणूक लग्नावर पसरते. ट्रॅक्टरचा निळा मात्र थिनरला दाद देणार नाही, तो जाड सिंथेटिक एनॅमल असतो, नुसता सुरकुततो. तिथे पाणी आणि वॉटर पेपर: आधी ४००, मग ६००, आणि मूळ रंगाची चाहूल लागली की १५०० च्या वर. सोनेरी काही चमकलं की थिनर तात्काळ बंद. रेघेचा रंग भाजलेला नाही, तो थिनरने क्षणात जातो. तिथून पुढे २००० चा पेपर, साबणाचं पाणी आणि एक बोट. एक बोट म्हणजे एकच.

कोरडं घासू नका. जुन्या रंगांत शिसं असतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. तुमची टाकी त्याच्या कितीतरी आधीची आहे. ओलं घासलं की धूळ उडत नाही. ते पाणी कोंबड्यांच्या वाटेत ओतू नका आणि पोरांना लांब ठेवा. गोठ्यात म्हैस असेल तर आधी तिला बाहेर बांधा, तिला वास आवडत नाही आणि तिचं मत ती लाथेने मांडते.

टाकीच्या आतलं काम हा रंगकामाचा भाग नाही, पण त्याच्याशिवाय रंग टिकत नाही, म्हणून घाईने सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि रिकाम्या टाकीत दबा धरून बसते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातकी. आत डोकावायला काडी पेटवू नये, हे लिहावं लागतं याचं वाईट वाटतं. पाण्याने तोंडोतोंड भरून ओता, तसं पुन्हा करा, मग काम सुरू करा. गंजासाठी गरम पाण्यात लिंबूसत्त्व, रात्रभर. पोपडे जास्त असतील तर आत मूठभर नट टाकून हलवा आणि नंतर टाकल्याइतके नट बाहेर आले का ते मोजा. शेवटी सोड्याच्या पाण्याने खंगाळा, लगेच वाळवा आणि टूटी ऑइलचे चार थेंब आत फिरवा, नाहीतर तासाभरात पिवळा गंज परत येतो. आणि हे सगळं बाहेरच्या रंगाला हात घालण्याआधी. आम्लाचा ओघळ ताज्या रेघेवरून गेला की पुढचं मार्गदर्शन माझ्याकडे नाही.

तिसरी पायरी: साहित्य

रंगवाल्याकडे जाताना यादी नेऊ नका. तो यादी बघतो आणि तुम्हाला नवशिका ठरवून सगळं मोठ्या डब्यात देतो. शंभर मिलीच्या डब्यात टाकी होते. लांबी अगदी थोडी घ्या. खळगा असेल तिथेच भरायची, पूर्ण टाकीला लिंपायची नाही; जाड लांबी पेट्रोलच्या एका ओघळात फुगून उठते. पुसायला स्पिरीट लागतं. चंद्रपुरात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती आणि गडचिरोलीत १९९३ पासून आजही आहे, त्यामुळे ‘भाऊ, स्पिरीट आहे का?’ हा प्रश्न भरल्या दुकानात हळू आवाजात विचारू नका. मोठ्याने विचारा, हातात वॉटर पेपर दिसू द्या.

ब्रश हा नाजूक विषय. रेघेला लांब केसांचा, टोकाशी तलवारीसारखा निमुळता ब्रश लागतो. कोणीतरी जाणकार हळूच सांगेल की खरी रेघ मुंगसाच्या केसांच्या ब्रशनेच निघते. असे ब्रश बनवणं, विकणं आणि जवळ बाळगणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. इतर जिल्ह्यांत हे वाचून लोक मान डोलावतात. तुम्ही ताडोब्याच्या जिल्ह्यात राहता, तुमच्या शेजारी वनरक्षक राहतो आणि त्याला तुमच्या गाडीत आधीच रस आहे. सिंथेटिक केसांचा लायनर ब्रश घ्या, तो उत्तम चालतो.

चौथी, पाचवी आणि सहावी पायरी: थांबणे

रंगाला हवामान लागतं आणि आपल्याकडे ते कमी मिळतं. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या पुढे. गनमधून निघालेला रंग टाकीवर पोचेपर्यंत निम्मा वाळतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. संत्री नागपूरची चांगली, टाकीवर नको. पावसाळ्यात हवेतलं पाणी एनसी रंगात शिरतं आणि काळ्यावर पांढुरकी झाक येते. शिवाय पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की भामरागडची वाट बंद, आणि तुमचा हार्डनर अल्लापल्लीत. उरला हिवाळा. त्यातही सकाळचं दव वाळेपर्यंत थांबा आणि वाऱ्याची दिशा बघा. दुर्गापूर-ऊर्जानगरच्या बाजूला राहत असाल तर ओल्या रंगावर औष्णिक केंद्राची राख बसते, घुग्घुस-बल्लारपूरकडे कोळशाची धूळ, आणि एटापल्ली-आष्टी रस्त्यालगत सुरजागडच्या खनिजाचे ट्रक ओल्या टाकीला लाल प्रायमर फुकट मारून जातात. बंद खोली, जमिनीवर पाणी शिंपडलेलं, पंखा बंद. घरच्यांना ही खोली म्हणजे देवघर वगळता कोणतीही चालेल असं सांगा. स्वयंपाकघर ते स्वतःच वगळतील.

मूळ रंग जिथे शाबूत आहे तिथे काही मारायचं नाही. जिथे पत्रा उघडा पडला तिथेच अस्तर, तिथेच रंग, आणि कडा पेपरने इतक्या विरवायच्या की बोटाला जोड लागू नये. टाकीच्या तोंडाभोवती एनसी वापरू नका, सांडलेलं पेट्रोल त्याला खातं. तिथे हार्डनरचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, लागतो. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसाला धरतं. नाकाला रुमाल बांधणं म्हणजे डासाला जाळीची गोष्ट सांगणं. योग्य मास्क नसेल तर एवढं काम गॅरेजमधून करून घ्या, त्यात कमीपणा नाही. मग किमान आठ दिवस टाकीकडे बघायचं नाही. बघितलं की बोट लावावंसं वाटतं, आणि बोट लावलं की ते दिसतं.

सातवी पायरी: रेघ

तुम्ही आता विचाराल की मास्किंग टेप लावून दोन रेघा मारल्या तर? मारा. रेघेच्या दोन्ही कडांना टेपचा उंचवटा राहील, वळणावर टेप सुरकुतेल आणि त्या सुरकुतीतून रंग आत जाईल. लांबून कोणाला कळणार नाही. जवळून कोणालाही कळेल.

हात बसवायचा तर स्टीलची घागर पालथी घालून तिच्यावर सराव करा. टाकीसारखाच दोन्हीकडून गोल आकार, आणि टर्पेंटाइनने लगेच पुसली जाते. घागर पाण्याची असेल तर घरात सांगून घ्या. रंग एनॅमलचा, टर्पेंटाइनचे दोन थेंब घालून वाहता केलेला. ब्रश डब्यात बुडवून थेट रेघ ओढायची नाही. काचेच्या तुकड्यावर दोन्ही बाजूंनी घासून सगळ्या केसांत सारखा रंग भरायचा. करंगळी टाकीच्या जोडावर टेकवायची, ती तुमची पट्टी. मनगट हलवायचं नाही, खांद्यापासून हात न्यायचा. नजर ब्रशच्या टोकावर नको, रेघ जिथे पोचायची आहे तिथे हवी. श्वास मध्येच सोडला तर तो रेघेत दिसतो. चुकलं तर ओलं असतानाच टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. खालचा रंग पूर्ण कडक झालेला असेल तरच हे जमतं, म्हणून ते आठ दिवस.

सोनेरी रंगाचा एक घोळ आहे. जुनी सोनेरी म्हणजे बहुधा पितळेची पूड वॉर्निशमध्ये. पितळ काळवंडतं. त्यामुळे टाकीवर उरलेली जुनी रेघ मधासारखी दिसते आणि डब्यातली नवी सोनेरी लग्नाच्या पत्रिकेसारखी. दोन्ही एकाच टाकीवर आली की नवी रेघ ओरडते. कारखान्यातून निघाली तेव्हाची गाडी करायची की आजवर जगलेली, हे आधी ठरवा. मी दुसरीच्या बाजूचा. नव्या सोनेरीत चिमूटभर तपकिरी मिसळा, टाकीच्या पोटाला लावून बघा, वाळू द्या, मग ठरवा.

घागरीवर महिनाभर रेघा ओढूनही त्या रस्त्यावरून दारू पिऊन निघाल्यासारख्या दिसत असतील तर पेंटरकडे जा. खरं तर आधीच जायला हवं होतं. ब्रह्मपुरी, मूल, नागभीड, वडसा, आरमोरी, या गावांतून दुकानांच्या पाट्या, ट्रकचे फाळके आणि झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक-पडदे रंगवलेले हात अजून आहेत. फ्लेक्स आल्यापासून त्यांना पाट्या कमी मिळतात, पण हात गेलेला नाही. अशा माणसाकडे टाकी नेली की तो आधी टाकी बघत नाही, तुम्हाला बघतो.

“काहून गा, कोन्याची गाडी?”

आजोबांची, म्हणायचं.

मग तो टाकी उचलून उजेडात धरतो, फिरवतो आणि तुमचे मोजून आणलेले बटर पेपर न बघता बाजूला ठेवतो. “ह्या बाजूले हात नोको लावू,” म्हणतो. “इकडं हायेच रेघ.” तुम्हाला दिसत नसते. तो ओला अंगठा फिरवतो आणि धुरकट काळ्यावर पाच बोटं लांब रेघ उमटते, पुन्हा वाळून नाहीशी होते. मग तो चहा मागवतो. चहा संपेपर्यंत ब्रश भिजत असतो. त्यानंतर जे घडतं त्याला नीट बघायला बसलात तरी ते सुटतं, कारण रेघ ओढायला तुम्हाला हे वाक्य वाचायला लागला तेवढाच वेळ लागतो. दोन टोकं जुळतात त्या ठिकाणी तो थांबत नाही, जुन्या रेघेवरून जरासा पुढे जातो आणि मग ब्रश उचलतो. जोड कुठे आहे ते तुम्ही दुसऱ्या दिवशीही शोधत असता.

पैसे विचारले तर तो कमीच सांगेल. दुप्पट द्या. गॅरेजवाल्याने लांबीचे घेतले त्याच्यापेक्षा तरीही ते कमी असतील.

वाळल्यावर कोणी म्हणेल, वरून क्लिअर मारून घ्या, रेघ कायमची बंद होईल. ताज्या एनॅमलवर पीयूचा क्लिअर मारला की खालची रेघ सुरकुतून उठते. काही आठवडे जाऊ द्या, मग मेण. पेट्रोल भरताना तोंडाशी फडकं धरा. एवढंच.

आठवी पायरी: रेडियमवाला

मोनोग्राम हरवलेला असेल तर पितळी किंवा पत्र्याचा जुनाच शोधा, नागपूरच्या भंगारबाजारात, ओळखीपाळखीत. रेडियमवाल्याकडून नाव कापून घेण्याचा सोपा मार्ग आहे, आणि तो सोपा आहे म्हणूनच धोक्याचा. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये ‘राजदूत’ची अक्षरं नाहीत. तो त्याच्याकडच्या अक्षरांतली जवळची काढतो, जी आदल्या दिवशी त्याने एका बीअर शॉपीला दिली होती. वर ‘आईचा आशीर्वाद’ फुकट. आईचा आशीर्वाद असू द्या, तो टाकीवर नको.

गाडी तयार झाली की अंगणात उभी करा. पहिल्या दिवशी कोणी काही बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी काका म्हणतील, काळीच होती, मी सांगतच होतो. आत्या म्हणेल, मी सांगत होते. मग कोणीतरी रेघेकडे बोट दाखवून म्हणेल, इथे जरा वाकडी झाली का? त्याला बटर पेपरचे दोन तुकडे दाखवा, किंवा दाखवू नका.

आता एक कामाचं. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर लागतो आणि होळीपर्यंत चालतो. रंगकामाला हवा नेमकी तेव्हाच चांगली असते आणि पेंटर नेमका तेव्हाच वडशाला मंडळ्यांच्या कामात असतो. म्हणून त्याला नवरात्रातच गाठा, काम ठरवा, थोडे पैसे हातावर ठेवा. नाव-पत्ता माहीत नसेल तर गावातली हाताने लिहिलेली जुनी पाटी बघा. खाली उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात त्याने सही केलेली असते. पाटी उतरवून तिथे फ्लेक्स लागायच्या आत बघा.